कागदावरची रेघ कॅडमध्ये : नागपूरच्या जुन्या नकाशांची पार्श्वभूमी

नागपुरात जुनं घर वाढवायचं किंवा पाडून नवं बांधायचं ठरलं की आधी शोधाशोध होते ती मंजूर नकाशाची. पत्र्याच्या पेटीतून, आरएलच्या, म्हणजे प्लॉट मंजूर असल्याच्या, कागदासोबत, घडी घातलेली पिवळट अमोनिया प्रिंट निघते. तिच्यावर नागपूर सुधार प्रन्यासचा किंवा महापालिकेचा शिक्का असतो, भिंती हाताने काढलेल्या असतात आणि घड्यांवरची मापं उडालेली असतात. अर्ज मात्र आता ऑनलाइन जातो आणि त्याला कॅडची, म्हणजे संगणकावर मापात काढलेल्या आराखड्याची, फाइल लागते. भिंत, प्लॉटची हद्द, सामासिक अंतर, प्रत्येक गोष्ट तिच्या ठरलेल्या लेअरवर, म्हणजे फाइलमधल्या वेगळ्या थरावर, हवी आणि क्षेत्रफळ मोजायची जागा बंद पॉलिलाइनने, म्हणजे सलग जोडलेल्या रेघेने, वेढलेली हवी. त्यात हे शहर लेआउटांचं. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतर ‘५७२’ आणि ‘१९००’ हे नियमित करायच्या लेआउटांच्या संख्येचे आकडेच इथे लेआउटांची ओळख बनले. त्यामुळे कागदाचं कॅड करून देणं हे आज गल्लोगल्लीचं जॉबवर्क आहे. या कामाची सुरुवात मात्र संगणकाच्या बरीच आधीची.

पूर्वी मूळ आराखडा पेन्सिलीने निघे. त्यावर ट्रेसिंग क्लॉथ, म्हणजे आरपार दिसणारं कापड, ताणून तोच नकाशा शाईने पुन्हा काढणारा माणूस वेगळा असे. तो ट्रेसर. सरकारी आस्थापनेत त्याचं पद अनुरेखक आणि त्याच्या वर आरेखक. हा दुहेरी खटाटोप प्रतींसाठी होता. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या पद्धतीत रसायन लावलेला कागद ट्रेसिंगखाली ठेवून उजेडात धरायचा. शाईच्या रेघेखाली उजेड पोचत नाही, म्हणून धुतल्यावर रेघ पांढरी राहते आणि बाकीचा कागद निळा होतो. अशा प्रती उन्हात काढायच्या चौकटी असत. उन्हाची टंचाई नागपुरात तरी कुणाला जाणवली नसेल. पुढे अमोनियाच्या वाफेवर उमटणारी प्रिंट आली, धुणं-वाळवणं संपलं, उलट पांढऱ्यावर निळी रेघ मिळू लागली. १९३६ च्या कायद्याने सुधार प्रन्यास आलं, हेन्री मेड यांची हायकोर्टाची इमारत १९४० मध्ये खुली झाली, १९६० मध्ये आजचं व्हीएनआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज तेव्हाच्या व्हीआरसीई या नावाने सुरू झालं. हा सगळा काळ ड्रॉइंग बोर्डाचा.

ट्रेसरचं काम नकलेचं मानलं जाई, पगारही तसाच. माझ्या मते इथेच या कामाचं मर्म हुकतं. पेन्सिलीची रेघ कोपऱ्यापर्यंत पोचली नसेल तर तो ती पोचवी. काटकोन जरा वाकडा असेल तर सरळ करी. खोल्यांची मापं बाहेरच्या एकूण मापाशी जुळली नाहीत तर उठून विचारायला जाई. कुठली रेघ भिंतीची आणि कुठली मापाची, हे त्याला ठाऊक होतं. कागदाला ते ठाऊक नव्हतं.

यंत्राला नेमकं हेच शिकवायचं होतं. १९६३ मध्ये एमआयटीत इव्हान सदरलँड यांनी पीएचडीसाठी ‘स्केचपॅड’ हा प्रोग्राम लिहिला. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर लाइट पेनने ओबडधोबड आकृती काढायची आणि सांगायचं, या दोन रेघा समांतर, या दोन सारख्या लांबीच्या. बाकीचं यंत्र जुळवून घेई. एक बिंदू हलवला की त्याला जोडलेल्या रेघाही सोबत हलत. कागदावर फक्त खुणा असतात, त्यांना आपली अशी रचना नसते, असं सदरलँड यांनी पुढे लिहिलं. ‘एडिट करता येणारं ड्रॉइंग’ म्हणतात ते या रचनेमुळे.

ही सोय साध्या कार्यालयापर्यंत आणली ती ऑटोकॅड या प्रोग्रामने, डिसेंबर १९८२ मध्ये. सोबत प्रश्न आला, आधीच्या नकाशांचं काय करायचं? तेव्हाचं उत्तर होतं डिजिटायझर. मोठ्या पाटीवर नकाशा चिकटवायचा, माहीत असलेले दोन-तीन बिंदू दाखवून पाटी कॅलिब्रेट करायची, मग माउससारखा बटणांचा पक फिरवत प्रत्येक कोपऱ्यावर क्लिक करायचं. म्हणजे ट्रेसिंगच, फक्त शाईऐवजी क्लिक. अर्थ लावणारा माणूस अजून खुर्चीत होता, म्हणून निकाल चांगला येई. वेळ मात्र फार जाई.

स्कॅनरने तो वेळ वाचवला आणि माणसालाही बाजूला सारलं. १९५७ मध्ये रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन केला, तेव्हा चित्र होतं १७६ गुणिले १७६ ठिपक्यांचं. आज ए-१ आकाराचा नकाशा ४०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ४०० ठिपके धरून, स्कॅन केला तर सुमारे १२.४ कोटी ठिपके होतात. एवढ्यांत भिंत एकही नाही. कॅडमध्ये तीच भिंत म्हणजे दोन टोकांचे आकडे.

ठिपक्यांतून रेघ काढायची युक्ती तुकड्यातुकड्याने जमत गेली. कुठला ठिपका शाईचा आणि कुठला पिवळ्या कागदाचा, हे ठरवणारी पद्धत नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये मांडली. जाड रेघ सोलून एका ठिपक्याच्या रुंदीची करायची झांग आणि सुएन यांची रीत १९८४ ची. सरळ रेघ हुडकायची पॉल हफ यांची पद्धत तर आली अणुभौतिकीतून: बबल चेंबर या उपकरणात टिपलेल्या फोटोंतले अणूहून लहान कणांचे मार्ग शोधण्यासाठी त्यांनी ती काढली आणि १९६२ मध्ये तिचं पेटंट मिळालं.

हे सगळं एकत्र चालवलं की स्वच्छ प्रिंटवर छान रेघा येतात. मळक्या प्रिंटवर मजा सुरू होते. रेघ सोलताना भिंतींचे सांधे वाकतात. तुटक रेघेचे तीसेक सुटे तुकडे होतात. दाराच्या पल्ल्याची कमान छोट्या सरळ तुकड्यांची बनते, ‘१’ हा आकडा रेघ ठरतो आणि कागदाची घडी भिंत होऊन बसते. मग ते साफ करत बसण्यापेक्षा नव्याने काढणं परवडतं. छपाईच्या धंद्यात हाच प्रकार बराच सुखाचा झाला. कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या प्रोग्राममधलं ट्रेस किंवा पीटर सेलिंगर यांचा २००१ चा पोट्रेस हा प्रोग्राम हाताने काढलेल्या बोधचिन्हाला उत्तम वक्र देतो. तिथे आकार दिसायला बरोबर असला की काम झालं. नकाशात तो मापाला उतरावा लागतो.

मापाची तर वेगळीच कथा. जुने नकाशे अनेकदा १ इंचाला ८ फूट या प्रमाणात असतात, म्हणजे १:९६. कुणी ते १:१०० समजून फाइल केली तर प्रत्येक लांबी चार टक्क्यांनी आणि क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. १,००० चौरस फुटांचं घर १,०८५ चं होतं. शिवाय ट्रेसिंग पेपर दमट हवेत फुगतो. मे महिन्यात कूलरसमोर बसून काम करणाऱ्याला हे सांगायला नको. म्हणून स्कॅन आधी लिहिलेल्या मापांवर ताणून बसवावा लागतो, तोही दोन्ही दिशांनी वेगवेगळा.

गेल्या दहा वर्षांत यंत्र रेघेपलीकडे पाहू लागलं आहे. २०१७ मध्ये चेन लिऊ आणि सहकाऱ्यांनी घराच्या नकाशातून थेट भिंतींचे कोपरे, दारं आणि खोल्या ओळखणारी पद्धत दाखवली, ती जपानी घरांच्या नकाशांवर शिकवलेली होती. यंत्राला शिकवण्यासाठीचा २०१९ चा क्युबिकासा हा ५,००० नकाशांचा संच फिनलंडचा. त्यात छपरी, देवघर, मागचं न्हाणीघर कुठून असणार? ऑटोकॅड २०२३ मध्ये प्रिंटवर पेनाने केलेल्या दुरुस्त्यांचा मोबाइलवर काढलेला फोटो फाइलवर बसवता येतो आणि त्यातला मजकूर वाचला जातो. रोजच्या कामात मला हे जास्त उपयोगाचं वाटतं, कारण साहेबांच्या लाल खुणा कॅडमध्ये उतरवण्यात ड्राफ्ट्समनचे कितीतरी दिवस जातात.

मंजुरीच्या नकाशाखाली सही लागते ती आर्किटेक्टची किंवा परवानाधारक इंजिनिअरची. क्षेत्रफळ चुकलं तर सॉफ्टवेअरला कुणी नोटीस काढत नाही. म्हणून इथली कार्यालयं सहसा स्कॅन फिका करून खालच्या लेअरवर ठेवतात आणि वरून प्रत्येक भिंत पुन्हा काढतात. कागद आणि घर जुळेना की एकाला लेझर मीटर घेऊन साइटवर धाडतात. नंतर चढवलेल्या माडीचा नकाशा तर पुष्कळदा कुणी कधी काढलेलाच नसतो.