३.१ टक्क्यांचं काय झालं?

'२०२४ वायआर४' हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारी २०२५ च्या अखेरीस एक टक्क्याच्या थोडी वर होती. १८ फेब्रुवारीला नासाचा आकडा ३.१ टक्क्यांवर गेला आणि २४ फेब्रुवारीला तो ०.००४ टक्क्यांवर आला. आदळण्याच्या संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया होते, त्यामुळे मुंबईचं नाव मथळ्यांत झळकलं. आकडा कोसळल्यावर दोन मतं पसरली. एक, शास्त्रज्ञांना काही कळत नाही. दोन, काहीतरी दडपलं जातंय. खरं म्हणजे लघुग्रह पृथ्वीला चुकवून जाणार असेल तर शक्यता आधी वाढून मग कोसळणं हीच त्या आकड्याची सर्वसाधारण चाल असते. ती तशी का, हे समजून घेण्यात मजा आहे.

हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला दिसला. त्याच्या दोनच दिवस आधी तो पृथ्वीपासून सुमारे ८ लाख २९ हजार किलोमीटरवरून निघून गेला होता. म्हणजे सापडला तेव्हा तो पाठ फिरवून चालला होता आणि रोज अंधूक होत होता. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला जवळपास चार वर्षं लागतात, म्हणून २०३२ पर्यंत त्याच्या दोन फेऱ्या होणार.

दुर्बीण लघुग्रहाचं अंतर मोजत नाही. ती फक्त दिशा देते: अमुक क्षणी तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर अमुक ठिकाणी होता. प्रत्येक नोंदीत विकलेच्या (अंशाच्या ३,६०० व्या भागाच्या) काही दशांशांची चूक असते. सूर्य-पृथ्वी अंतरावर एक विकला म्हणजे सुमारे ७२५ किलोमीटर. अशा नोंदींवरून किमान वर्ग पद्धतीने (नोंदींशी कमीत कमी फरक पडेल अशी कक्षा निवडून) कक्षेचे सहा आकडे काढतात आणि त्यांच्यासोबत येते ६×६ ची कोव्हेरियन्स मॅट्रिक्स. प्रत्येक आकड्यात चूक किती असू शकते आणि एक चुकला तर दुसरा कोणत्या बाजूला चुकेल, हे ती सांगते. कक्षेचं गणित खरं तर इथूनच सुरू होतं.

समजा, कक्षेच्या अर्धदीर्घ अक्षात (लंबगोल कक्षेच्या लांबीच्या निम्म्यात) दहा लाखांत एक भाग चूक आहे. या लघुग्रहासाठी ती सुमारे ३७५ किलोमीटर होते. केप्लरच्या तिसऱ्या नियमाने आवर्तकाळात (एका फेरीच्या वेळात) त्याच्या दीडपट, म्हणजे दहा लाखांत दीड भाग चूक येते. दोन फेऱ्या, आठ वर्षं: एकूण चूक सव्वासहा मिनिटांच्या आसपास. पृथ्वीच्या कक्षेपाशी लघुग्रहाचा सूर्यसापेक्ष वेग सेकंदाला ३८ किलोमीटरच्या जवळपास असतो. म्हणजे ३७५ किलोमीटरची चूक आठ वर्षांत १४ हजार किलोमीटरची झाली, पृथ्वीच्या व्यासाहून जास्त. शिवाय ती सगळी कक्षेच्या दिशेने पसरते, आडवी फारशी नाही. त्यामुळे २०३२ मधला अनिश्चिततेचा आकार चेंडूसारखा न राहता लांबलचक शेवयीसारखा होतो.

पृथ्वी स्वतः सात मिनिटांत आपल्या व्यासाएवढी पुढे सरकते. दोन्ही कक्षा जिथे जवळ येतात त्या जागी दोघांनी एकाच वेळी पोहोचायचं, म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडायची. प्रश्न उरतो तो मिनिटांचा.

आता त्या शेवयीच्या लांबीवर घंटेच्या आकाराचा वक्र ठेवा: मध्यावर शक्यता जास्त, दोन्ही टोकांना कमी. पृथ्वी शेवयीवर कुठेतरी आहे. तिची रुंदी मात्र १२,७४२ किलोमीटर धरायची नाही. गुरुत्वाकर्षण बाजूने जाणाऱ्यालाही ओढून घेतं, आणि या लघुग्रहाच्या वेगाला ती रुंदी सुमारे १.३ पट, म्हणजे साडेसोळा हजार किलोमीटर होते. आदळण्याची शक्यता म्हणजे ही रुंदी गुणिले पृथ्वीच्या जागी वक्राची उंची. बाकी काही नाही.

उदाहरणादाखल पृथ्वी वक्राच्या मध्यापासून २ लाख किलोमीटरवर आहे असं धरू आणि ते अंतर बदलू देऊ नका. (प्रत्यक्षात मध्यही सरकतो.) प्रमाण विचलन (वक्र किती पसरट आहे याचं माप) १० लाख किलोमीटर असेल तर शक्यता येते ०.६५ टक्के. नव्या नोंदींनी ते ४ लाखांवर आलं की १.४५ टक्के. २ लाखांवर आलं की २ टक्के. इथवर फक्त वाढ आहे, कारण वक्र अरुंद होताना उंच होतो आणि पृथ्वी अजून त्याच्या उंच भागाखाली आहे. पुढे १ लाखावर ०.९ टक्के आणि ५० हजारांवर ०.००४४ टक्के. शेवटच्या पायरीत अनिश्चितता निम्मी झाली आणि शक्यता दोनशेपट घसरली. शिखर येतं ते प्रमाण विचलन नेमकं पृथ्वीच्या अंतराएवढं होतं तेव्हा. ज्यांना कलन येतं त्यांनी अवकलन शून्य करून पाहावं, दोन ओळींचं काम आहे.

यावर चाणाक्ष वाचक विचारेल: वाढून पडणारच आहे हे माहीत असताना आधीच शून्य का सांगत नाहीत? कारण वरच्या उदाहरणात लघुग्रह चुकणार हे आपण आधीच ठरवून टाकलं होतं. खऱ्या गणितज्ञाला ते माहीत नसतं. त्याच्या दृष्टीने हा आकडा म्हणजे एक यदृच्छ (योगायोगाने बदलत जाणारी) प्रक्रिया आहे, आणि तिला मार्टिंगेल म्हणतात: उद्याच्या आकड्याची आज काढलेली सरासरी आजच्या आकड्याएवढीच असते. उद्या तो वाढणार असं आज खात्रीने सांगता येत असेल, तर आजचाच आकडा चुकीचा आहे. या एका अटीतून बरंच काही निघतं. आज १.२ टक्के असलेला आकडा कधीतरी ३.१ ला पोहोचण्याची शक्यता जास्तीत जास्त १.२ भागिले ३.१, म्हणजे ३९ टक्के. १०० ला पोहोचण्याची अर्थातच १.२ टक्के. म्हणजे बहुतेक आकडे शून्याकडे जातात, आणि जे थोडे शंभराकडे जाणार असतात तेही सुरुवातीला असेच वाढत दिसतात. आकडा वाढतोय, यावरून तो त्या थोड्यांपैकी आहे असं ठरत नाही. फलज्योतिषात आणि या गणितात फरक इथेच पडतो. ज्योतिषी आपण किती चुकू शकतो याची मर्यादा कधीच देत नाही, त्यामुळे तिच्याबाहेर सापडतही नाही.

आकडा प्रत्यक्ष काढायचा तर सरळ मार्ग माँटे कार्लोचा, म्हणजे फासे टाकून पुन्हापुन्हा करून पाहण्याचा. कोव्हेरियन्स मॅट्रिक्सचे चोलेस्की पद्धतीने दोन त्रिकोणी भाग पाडायचे, सहा प्रसामान्य यदृच्छ संख्यांना (घंटेच्या वक्राप्रमाणे पडणाऱ्या आकड्यांना) त्यातल्या एका भागाने गुणायचं आणि नोंदींशी सर्वांत जुळणाऱ्या कक्षेत मिळवायचं. तयार झाला एक 'आभासी लघुग्रह'. असे दहा हजार बनवायचे आणि सूर्य, ग्रह, चंद्र, मोठे लघुग्रह व सापेक्षतेची दुरुस्ती धरून प्रत्येकाला २०३२ पर्यंत चालवायचं. मग किती आदळले ते मोजायचं. शक्यता ३ टक्के असेल तर ३०० आदळतील, सतरा इकडेतिकडे. पण शक्यता दहा लाखांत एक असेल तर शंभर टकरी दिसायला दहा कोटी कक्षा चालवाव्या लागतात, आणि रोज नवे लघुग्रह सापडत असताना ते परवडत नाही. म्हणून जेपीएलची (नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीची) 'सेंट्री-२' प्रणाली चक्क 'लघुग्रह आदळला' अशी एक खोटी नोंद खऱ्या नोंदींमध्ये घालते आणि दोन्हींना पटणारी कक्षा शोधते. अशी कक्षा सापडली तर तिच्याभोवतीच नमुने घेऊन त्यांना योग्य वजन दिलं जातं.

घोटाळे बहुतेक वेळा सुरुवातीच्या नोंदींतच असतात. एकाच रात्री एकाच दुर्बिणीने घेतलेल्या २० नोंदींमधल्या चुका एकमेकींवर अवलंबून असतात, कारण तारासूची तीच आणि घड्याळही तेच. त्या स्वतंत्र धरल्या तर गणित समजतं की चूक वीसच्या वर्गमुळाने, म्हणजे साडेचारपट कमी झाली. मग वक्र खोटाच अरुंद होतो आणि खरा लघुग्रह त्याच्या बाहेर राहतो. घड्याळाचंही तसंच: लघुग्रह सेकंदाला एक विकला सरकत असेल आणि घड्याळ एक सेकंद मागे असेल, तर उत्तम दुर्बिणीची सगळी अचूकता वाया गेली. दीर्घ मुदतीत यार्कोव्हस्की परिणामही धरावा लागतो. तापलेला खडक उष्णता बाहेर टाकताना स्वतःला अलगद ढकलतो. अपोफिस लघुग्रहाचा अर्धदीर्घ अक्ष त्यामुळे वर्षाला सुमारे २०० मीटरने कमी होतो.

फेब्रुवारीच्या मध्याला आकडा रेंगाळला त्यात पौर्णिमेचाही हात होता. १२ तारखेच्या चांदण्यात इतका अंधूक ठिपका टिपणं अवघड होतं. चंद्र कलेकलेने लहान झाल्यावर नोंदी आल्या, शेवयी आखूड झाली आणि पृथ्वी तिच्याबाहेर पडली. चंद्र मात्र तेव्हा आतच राहिला: जेम्स वेब दुर्बिणीच्या मे २०२५ च्या निरीक्षणांनंतर चंद्रावर आदळण्याची शक्यता ३.८ वरून ४.३ टक्क्यांवर गेली. पुन्हा तेच. वक्र उंच झाला, चंद्र त्याच्या खालीच होता.

अपोफिसची शक्यता तर २७ डिसेंबर २००४ ला २.७ टक्क्यांपर्यंत चढली होती. ती पाडायला नवीन निरीक्षण लागलं नाही. लघुग्रह शोधणाऱ्या स्पेसवॉच प्रकल्पाने १५ मार्च २००४ ला घेतलेल्या छायाचित्रांत, म्हणजे शोध लागण्याच्या तीन महिने आधी, तो ठिपका नकळत टिपला गेला होता. ती छायाचित्रं शोधून काढल्यावर सहा महिन्यांच्या नोंदी नऊ महिन्यांच्या झाल्या, आणि १३ एप्रिल २०२९ ची टक्कर त्याच दिवशी यादीतून बाहेर पडली. त्या दिवशी अपोफिस जमिनीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल.