अर्क, अगार आणि जिवाणू: वनौषधींच्या चाचण्यांची मुंबईतील पार्श्वभूमी

तुळस, कडुनिंब, अडुळसा किंवा हळद यांचे अर्क काढून ते रोगकारक जिवाणूंवर तपासणे हा मुंबईतील सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या प्रकल्पांपैकी एक आहे. या प्रयोगात दोन परंपरा एकत्र येतात. दोन्ही या शहरात रुजल्या, पण दीर्घकाळ एकमेकींपासून दूरच राहिल्या.

पहिली परंपरा वनौषधींच्या नोंदींची. ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ मध्ये मुंबईतील औषधी द्रव्यांची सूची प्रसिद्ध केली. पुढे मुंबईतच सरकारी सेवेत असलेल्या विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर यांच्यासह भारतीय वनौषधींवरील मोठा ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात तीन खंडांत पुरा केला. वनस्पतीची ओळख, तिचे रासायनिक घटक आणि वैद्य-हकिमांनी केलेला वापर यांचा तपशील अशा कामांत मिळतो. जिवाणूंवरील परिणाम मात्र तेव्हा सहसा कोणी पाहत नव्हते, कारण काचेच्या झाकणबंद ताटलीत जिवाणू वाढवण्याची जर्मन शास्त्रज्ञ पेट्री यांची रीतच १८८७ ची आहे.

दुसरी परंपरा जिवाणूंच्या प्रयोगशाळेतील अभ्यासाची; ती प्लेगमुळे आली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, जिवाणूशास्त्रज्ञ हाफकिन यांनी इथेच प्लेगची लस तयार केली आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथला भर स्वाभाविकपणे लशींवर होता.

वनस्पती आणि जिवाणू यांची मोठ्या प्रमाणावर गाठ पडली ती पेनिसिलीनच्या यशानंतर. १९४३ मध्ये ऑक्सफर्ड येथे ऑसबोर्न यांनी सुमारे २,३०० वनस्पती जिवाणूंवर तपासल्या, आणि १९४४ मध्ये लसणातील अ‍ॅलिसिन वेगळे काढण्यात आले. त्या काळात रुळलेली पद्धत आजही फारशी बदललेली नाही: जिवाणू पसरलेल्या अगारमध्ये, म्हणजे त्यांच्या वाढीसाठीच्या घट्ट जेलीत, खाच पाडून अर्क भरायचा, रात्रभर उबवायचे आणि भोवती वाढ न झालेले स्वच्छ वर्तुळ मोजायचे.

या वर्तुळाविषयी सावधगिरी हवी, आणि प्रकल्पांत नेमकी तिचीच उणीव अनेकदा जाणवते. खाचेऐवजी औषध शोषलेली कागदी चकती ठेवण्याची बाउअर-कर्बी पद्धत १९६६ मध्ये प्रमाणित झाली ती शुद्ध प्रतिजैविकांसाठी. कच्च्या अर्कात अनेक द्रव्ये असतात, त्यांतील मोठे किंवा पाण्यात न विरघळणारे रेणू अगारमधून जेमतेम सरकतात, त्यामुळे लहान वर्तुळ म्हणजे दुबळे औषध असे ठरत नाही. अर्कातील अल्कोहोलही जिवाणू मारू शकते, म्हणून अर्क ज्या द्रावकात काढला त्या नुसत्या द्रावकाची खाच शेजारी असलीच पाहिजे. ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंना बाहेरचे जादा आवरण असल्याने त्यांच्यावर अर्क बहुधा कमी चालतात. वाढ थांबवणारे किमान प्रमाण द्रव माध्यमात काढले, तरच दोन अर्कांची तुलना करता येते.

गुळवेलीवरचे परळच्या केईएम रुग्णालयातील काम मला या संदर्भात फार मोलाचे वाटते. डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ई. कोलायचा संसर्ग केलेल्या उंदरांत गुळवेलीमुळे मृत्यूचे प्रमाण घटले. प्रत्यक्षात हा अर्क प्रयोगशाळेत जिवाणूंना मारत नव्हता. तो शरीरातील जिवाणू गिळणाऱ्या भक्षक पेशींची क्षमता वाढवत होता. केवळ अगारची ताटली पाहून निर्णय घेतला असता, तर गुळवेल पहिल्याच फेरीत बाद झाली असती.

याहून आधीची अडचण वनस्पतीच्या ओळखीची आहे. रस्त्यांच्या कडेला लावलेला उंच, सरळ आसुपालव मुंबईत सर्रास ‘अशोक’ म्हणून ओळखला जातो, आणि औषधी सीता-अशोकाच्या सालीत त्याच्या सालीची भेसळ होते. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे संशोधक अर्क काढण्यापूर्वी पानाफुलांसह नमुना सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियमसारख्या (वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहासारख्या) ठिकाणी नेऊन तपासून घेतात आणि त्या नमुन्याचा क्रमांक आपल्या निबंधात नोंदवतात.