डम्पिंग सिंड्रोम (मुलांमधला, फंडोप्लिकेशननंतरचा)

रिफ्लक्सच्या, म्हणजे जठरातलं परत अन्ननलिकेत येण्याच्या, ऑपरेशननंतर (हेच फंडोप्लिकेशन) काही मुलांना दूध दिलं की अर्ध्या तासाच्या आतबाहेर घाम फुटतो, मूल पांढरंफटक पडतं, कोरडे उमासे येतात, जुलाब होतात, नाडी पळायला लागते आणि मग साधारण एक ते तीन तासांनी शुगर धाडकन खाली येते. पहिला प्रकार अर्ली डम्पिंग, दुसरा लेट. नाव मोठ्यांच्या अल्सरच्या ऑपरेशनांकडून आलेलं. मुलांमधल्या नोंदी बहुधा 1970 च्या दशकापासूनच्या.

मूळ ऑपरेशन सर्जन रुडॉल्फ निसेन यांचं. इस्तंबूलला 1936 च्या सुमारास त्यांनी अन्ननलिकेचा जोड जठराने झाकला होता म्हणून काहीजण सुरुवात तिथून धरतात, पण खास रिफ्लक्ससाठी केलेलं पहिलं ऑपरेशन स्वित्झर्लंडच्या बासेलमधलं, 1955 चं, आणि तेच धरलेलं बरं.

आता हे कशामुळे होतं, यावर एकमत नाही. निसेन पद्धतीत जठराचा वरचा भाग म्हणजे फंडस अन्ननलिकेभोवती पूर्ण 360 अंश गुंडाळतात. एरवी हाच भाग फीड आलं की सैल होऊन जागा करून देतो, ती सोय गेली की दूध भसाभस आतड्यात उतरतं, असं जुनं मत. दुसरं मत जठराची हालचाल सांभाळणाऱ्या व्हेगस नर्व्हला धक्का लागण्याचं, आणि सोबत पायलोरोप्लास्टी (जठराचं आतड्याकडचं तोंड मोठं करणं) केली असेल तर खालचं दारही सताड उघडं. तिसरं हॉर्मोनचं: ग्लुकोज आतड्यात एकदम पोचलं की जीएलपी-1 हे इन्सुलिन वाढवणारं आतड्यातलं हॉर्मोन वाजवीपेक्षा जास्त सुटतं आणि इन्सुलिन उसळतं. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातलं 2009 च्या आसपासचं काम या बाजूचं आहे. पहिल्या दोन मतांनी दूध लवकर का उतरतं ते कळतं, शुगर एवढी खोल का जाते ते नाही, त्यामुळे तिसरं जास्त पटतं.

दुर्मिळ म्हणतात खरं, पण जिथे ऑपरेशन झालेल्या मुलांची मुद्दाम तपासणी झाली तिथे आकडा बराच मोठा निघालाय. शुगर बहुतेकदा फीडच्या आधी बघतात, तेव्हा ती नॉर्मलच असते! त्यात यातली पुष्कळ मुलं सेरेब्रल पाल्सीची, गॅस्ट्रोस्टॉमीच्या (पोटातून थेट जठरात घातलेल्या) नळीने फीड घेणारी, तेव्हा झटका आला तरी तो फिट्सच्या खात्यावर जातो. खात्री करायला किलोमागे 1.75 ग्रॅम ग्लुकोज देऊन काही तास शुगर पुन्हापुन्हा बघतात.

उपचारात आधी फीड बदलतात, म्हणजे सगळं एकदम (बोलस) न देता पंपाने सावकाश, साखर कमी, फॅट जास्त. न शिजवलेलं कॉर्नफ्लोअर घालतात, ते हळूहळू पचतं, पण तान्ह्या बाळांना स्टार्च नीट पचत नाही म्हणून तिथे फारसा उपयोग नसतो. नाहीच भागलं तर अकार्बोज, तेच डायबेटिसवालं, फीडच्या आधी अगदी थोडं; त्याने आतड्यात स्टार्च आणि साखर हळू फुटते. पोटात गॅस फार होतो. ते दुधातल्या लॅक्टोजवर चालत नाही, आणि ते चालू असताना शुगर पडली तर साधी साखर देऊन भागत नाही, ग्लुकोजच द्यावं लागतं.

याच ऑपरेशननंतरचे इतर त्रास म्हणजे गुंडाळी सैल होणं किंवा छातीत सरकणं, आणि गॅस-ब्लोट, म्हणजे ढेकर न आल्याने पोट फुगणं. क्वचित आतड्याला अडथळा येतो, गुंडाळीमुळे मुलाला उलटी करता येत नाही आणि जठर फुगत जातं. नळी टाकून लगेच रिकामं केलं नाही तर ते फाटूही शकतं.