गोल्फ सरावातील एकाग्रता

गोल्फ सरावातील एकाग्रता : फटक्याआधी, फटक्याच्या वेळी आणि फटक्यानंतर लक्ष कोठे ठेवायचे, कधी सैल सोडायचे आणि व्यत्यय आला तर ते परत कसे आणायचे, याची सवय लावून घेण्याची पद्धत. खेळाच्या मानसशास्त्रात गोल्फवर, विशेषतः पटिंगवर, म्हणजे चेंडू हलकेच घरंगळवत होलमध्ये (जमिनीतल्या खळग्यात) घालण्यावर, भरपूर प्रयोग झाले आहेत. चेंडू जागचा हलत नाही, घाई नसते आणि चूक सेंटिमीटरमध्ये मोजता येते, ही त्याची सोय. खानदेशात गोल्फ रुळलेला नाही. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात कोणी हा खेळ शिकू पाहतो तेव्हा त्याच्या वाट्याला बहुधा मोकळे शेत, क्रिकेटच्या मैदानाची कड किंवा घराची गच्ची येते. त्यामुळे इथे व्यत्ययाचा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

स्वरूप : क्रिकेटमध्ये फलंदाजाला चेंडूच जागा करतो. गोल्फमध्ये चेंडू निवांत पडलेला असतो आणि सुरुवात खेळाडूलाच करावी लागते. मन भरकटायला एवढा वाव दुसऱ्या खेळात क्वचितच मिळतो. अठरा होलांच्या फेरीला चार तासांच्या आसपास वेळ लागतो. सामान्य खेळाडूचे ९० फटके धरले आणि प्रत्येकाला तयारीसकट अर्धा मिनिट दिला, तरी हिशेब ४५ मिनिटांचाच होतो. बाकीचे तीन तास चालण्यात, थांबण्यात, गप्पांत जातात. एवढा वेळ मन ताणून धरणे कोणालाच जमत नाही आणि त्याची गरजही नाही. गोल्फमधली एकाग्रता विहिरीवरच्या मोटारीसारखी असते : पाणी द्यायचे तेव्हा चालू, एरवी बंद.

एकाग्रता म्हटले की आपल्याला अर्जुन आणि पोपटाचा डोळा आठवतो. गोल्फला तो दाखला अर्धाच लागू पडतो. धनुर्धराची नजर बाण सुटेपर्यंत लक्ष्यावर असते. गोल्फरची नजर फटक्याच्या क्षणी चेंडूवर असते आणि लक्ष्य बाजूला, कधी दोनशे मीटरवर, असते. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा किमान ४२.६७ मिलिमीटर. चेंडू डोळ्यांनी पाहायचा, होल मनात धरायचा. शिकाऊ खेळाडू फटका पुरा होण्याआधीच मान वर करतो, तो या दोहोंच्या ओढाताणीमुळे.

प्रयोग काय सांगतात : कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी १९९२ मध्ये पटिंग करणाऱ्यांच्या नजरेची नोंद घेतली. कसलेल्या खेळाडूंची नजर फटक्याआधी चेंडूवर सुमारे दोन सेकंद स्थिर राहत होती आणि चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर त्याच जागी टिकत होती. कमी कसलेल्यांची नजर चेंडू, क्लब (मारायची काठी) आणि होल यांच्यामध्ये भिरभिरत होती. या स्थिर नजरेला ‘क्वाएट आय’ हे नाव पडले. पुढे ती अनेक खेळांत आढळली.

गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नवख्यांना छोटा पिच फटका, म्हणजे उंच उडून जवळच पडणारा, शिकवला. काहींना हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितले, काहींना क्लबच्या झोक्याकडे. दुसऱ्या गटाचे फटके अधिक अचूक पडले. लक्ष शरीराबाहेर ठेवावे, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. कुऱ्हाडीने लाकूड फोडणारा मनगटाकडे पाहत नाही, घाव जिथे घालायचा तिथे पाहतो. हे आपल्याकडे सांगावे लागत नाही, पण हातात महागडा क्लब आला की माणूस ते विसरतो.

सिअन बायलॉक आणि सहकाऱ्यांचा २००२ मधला प्रयोग आणखी विचार करायला लावणारा आहे. अनुभवी खेळाडूंना पट मारताना एकदा आपल्याच हालचालीवर लक्ष ठेवायला लावले, आणि एकदा कानावर पडणाऱ्या आवाजांतला ठरावीक आवाज ओळखायला. हालचालीवर पहारा ठेवला तेव्हा खेळ बिघडला. कान दुसरीकडे होते तेव्हा तो बरा झाला. रिचर्ड मास्टर्स यांनी १९९२ मध्ये काही नवख्यांना मोठ्याने वाटेल ती अक्षरे म्हणत पटिंग शिकायला लावले होते; दडपण आल्यावर त्यांचा खेळ नियम घोकून शिकलेल्यांपेक्षा चांगला टिकला. म्हणजे सगळ्यांत हट्टी व्यत्यय बाहेरचा भोंगा नव्हे, तर ‘कोपर सरळ, गुडघा वाकव’ म्हणणारा आतला मास्तर. मात्र अगदी पहिल्या दिवसांत हा मास्तर लागतोच. त्याला कधी निरोप द्यायचा, हा खरा प्रश्न.

फटक्यापूर्वीचा क्रम : लक्ष चालू-बंद करण्याचे नेहमीचे साधन म्हणजे प्रत्येक फटक्याआधी तोच तो क्रम पाळणे. चेंडूच्या मागे उभे राहून दिशा ठरवायची, एक सरावाचा झोका घ्यायचा, एक श्वास सोडायचा, पुढे येऊन पाय रोवायचे, लक्ष्याकडे एकदा पाहायचे आणि मारायचे. स्वीडनची गोल्फपटू अनिका सोरेनस्टॅमच्या प्रशिक्षक पिया निल्सन आणि त्यांच्या सहकारी लिन मॅरियट यांनी यासाठी जमिनीवर एक काल्पनिक रेघ सुचवली : रेघेच्या मागे विचार, पुढे फक्त खेळ. सरावात ही रेघ खरोखरच आखावी; काळ्या मातीत काठीने ओढली तरी पुरते. रेघ ओलांडल्यावर शंका आली, तर मागे यायचे.

नियमांनाही हे मान्य आहे. २०१९ पासूनच्या नियमांत, अडथळा किंवा व्यत्यय नसताना खेळता येऊ लागल्यापासून ४० सेकंदांत फटका मारावा, अशी शिफारस आहे. आणि क्लब खाली येत असताना मन बदलले व खेळाडूने तो चेंडूपर्यंत पोचण्याआधी मुद्दाम थांबवला, तर तो फटका धरला जात नाही. टायगर वुड्सला कॅमेऱ्याच्या आवाजाने अर्ध्यावर झोका थांबवताना प्रेक्षकांनी पाहिले आहे. असे थांबणे सरावाने येते. दहा चेंडूंत एकदा साथीदाराला अचानक ‘थांब’ म्हणायला सांगावे.

खानदेशातील व्यत्यय : कपाशीच्या काड्या उपटल्यावर मोकळे झालेले रान लांब फटक्यांना सोयीचे, पण उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगा चेंडू सहज गिळतात. नियमाने चेंडू शोधायला तीन मिनिटे मिळतात. रानात वीस मिनिटे जातात आणि सरावाची लय मोडते. चेंडू मोजून आणावेत आणि सगळे मारून झाल्यावरच एकदम गोळा करावेत. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. तहानलेल्या शरीरात लक्ष टिकत नाही, म्हणून सकाळी आठच्या आत आटोपलेले बरे. गच्चीवर जाळी लावून सराव करणाऱ्याला याच दिवसांत बिबडे आणि पापड वाळत घातलेले सापडतात. तिथे कोणी माघार घ्यायची, हे सांगायला नको. आषाढात पश्चिमेचा वारा सुटतो. ज्या वाऱ्यावर साक्री तालुक्यातल्या पवनचक्क्या फिरतात, त्यात उंच पिचचा अभ्यास करण्यात अर्थ नाही, पण खालून सरपटणाऱ्या फटक्यांचा मात्र करता येतो.

लग्नसराईतला बँड, श्रावणात कानबाईची मिरवणूक, ट्रॅक्टरवरची गाणी हे सगळे सलग आवाज. सलग आवाजाला कान सरावतात. लक्ष उडते ते अचानक आवाजाने, आणि त्याहून अधिक बघ्यांमुळे. रस्त्याने जाणारा माणूस गाडी थांबवतो आणि विचारतो, “काय करी ऱ्हायना भाऊ? हाई काय हॉकी शे का?” उत्तर दिले तर चौघे जमतात, न दिले तर माणूस शिष्ट ठरतो. क्रम अर्ध्यावर सोडून, क्लब खाली ठेवून दोन मिनिटे बोलावे, मग पुन्हा रेघेच्या मागून सुरुवात करावी. बोलता-बोलता मारलेला फटका ना सरावात मोडतो, ना गप्पांत. बघ्याने “मारी दखाड बरं” म्हटले, तर ते दडपणाखालचे फुकटचे प्रशिक्षण समजावे. स्पर्धेतल्या पहिल्या टीवर, म्हणजे फेरी जिथून सुरू होते तिथे, पोटात होते तेच इथे होते.

एक भेद मात्र सक्त पाळावा लागतो. चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपर्यंत असते आणि नीट बसलेला ड्राइव्ह (लांब पल्ल्याचा फटका) माणसाला किंवा जनावराला गंभीर इजा करू शकतो. समोरून गुरे, शेळ्या, शाळेत निघालेली पोरे येत असतील, तर तो व्यत्यय नव्हे, इशारा आहे. अशा वेळी एकाग्रता दाखवणे हा निव्वळ बेजबाबदारपणा.

व्यत्ययासह सराव : टायगर वुड्सचे वडील अर्ल वुड्स सैन्यातून निवृत्त झालेले. मुलगा फटका मारत असताना ते खिशातली नाणी खुळखुळवत, खोकत, पिशवी आपटत. अमेरिकेत फिनिक्स ओपन स्पर्धेत सोळाव्या होलभोवती तर प्रेक्षक आरडाओरडा करतात, फटका फसला की हुर्यो उडवतात. त्यामुळे पूर्ण शांततेत केलेला सराव शांततेपुरताच उपयोगी ठरण्याची भीती असते. आठवड्यातले एखादे सत्र मुद्दाम मैदानावर क्रिकेट चालू असताना ठेवता येते.

चेंडूंची संख्या : एकाच क्लबने शंभर चेंडू ओळीने मारले की पंचविसाव्यानंतर हात चालतो आणि मन गावाला जाते. शी आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये लाकडी अडसर पाडण्याच्या साध्या कामावर दाखवले, की प्रकार आलटून-पालटून केलेला सराव करताना कच्चा दिसतो, पण नंतर जास्त टिकतो. गोल्फमध्ये याचा अर्थ दर फटक्याला क्लब किंवा लक्ष्य बदलणे. म्हणजे दर वेळी क्रम नव्याने करावाच लागतो. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. त्यात सहाव्या अध्यायावर बोलताना त्यांनी चित्ताच्या एकाग्रतेला जीवनाच्या परिमिततेची जोड दिली होती. संदर्भ अर्थात ध्यानाचा होता, चेंडूचा नव्हे. तरी मोजून घेतलेले चाळीस चेंडू दोनशेंपेक्षा भारी का पडतात, हे त्या जोडीने चटकन कळते.

फोन घरी ठेवावा, किंवा झोक्याचे चित्रण करायचे असेल तर विमान मोडवर टाकावा. चित्रणही सत्र संपल्यावर पाहावे. प्रत्येक फटक्यानंतर पाहिले की आतला मास्तर परत येतो.

पावसाळ्यात काळे रान पाय घट्ट धरून ठेवते आणि सराव घरात येतो. सतरंजीवर स्टीलचा पेला आडवा ठेवून तीन-चार पावलांवरून पट मारले जातात. तिथे दूरदर्शन चालू असते, कुकरच्या शिट्ट्या होतात आणि पेल्यावर चेंडू आपटला की आतून “अजून किती वेळ?” असे विचारले जाते.