स्कॅनमधली चरबी: मोजलेली किती, मानलेली किती

डेक्सा म्हणजे शरीरातलं हाड, चरबी आणि उरलेला मऊ भाग यांचा एक्स-रेने हिशेब लावणारं स्कॅन. त्याच्या अहवालात ‘चरबी २४.३ टक्के’ असं छापलेलं असतं, तेव्हा दशांश चिन्हानंतरच्या त्या ३ वर फार विसंबू नये. यंत्राने चरबी तोललेली नसते. शरीरातून आरपार गेलेले एक्स-रे किती उरले, एवढंच त्याने मोजलेलं असतं. बाकीचा आकडा गणितातून आणि काही गृहीतकांतून येतो. ती गृहीतकं कोणती आणि ती कुठे डगमगतात हे माहीत असेल, तर अहवालातल्या कुठल्या बदलावर विश्वास ठेवायचा हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

डेक्सात एक्स-रे दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे असतात. काही यंत्रांत ही ऊर्जा ४० आणि ७० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते. कमी ऊर्जेचे किरण शरीरात जास्त अडतात, जास्त ऊर्जेचे कमी. या दोन अडवणुकींचं गुणोत्तर पदार्थागणिक वेगळं येतं: शुद्ध चरबीसाठी साधारण १.२, तर चरबी नसलेल्या मऊ उतींसाठी १.३५ ते १.४. एखाद्या ठिकाणी १.३ आलं, तर तिथे दोन्ही साधारण निम्मे-निम्मे आहेत असं यंत्र मानतं. हाडांत कॅल्शियम आणि फॉस्फरस असल्यामुळे त्यांचं गुणोत्तर याहून बरंच मोठं येतं.

अडचण पुढे आहे. दोन ऊर्जा म्हणजे दोन समीकरणं आणि दोन समीकरणांतून दोनच अज्ञातं सुटतात. शरीरात मात्र घटक तीन आहेत: हाड, चरबी आणि उरलेला मऊ भाग. म्हणून जिथे हाड नाही, तिथे यंत्र चरबी आणि मऊ भाग वेगळे करतं. जिथे हाड आहे, तिथे हाड आणि ‘एकूण मऊ उती’ एवढंच वेगळं करता येतं. त्या मऊ उतींत चरबी किती, हे प्रतिमेतल्या शेजारच्या हाड नसलेल्या ठिपक्यांवरून (पिक्सेलवरून) उसनं घेतलं जातं. संपूर्ण शरीराच्या प्रतिमेत सुमारे ४० टक्के ठिपक्यांमध्ये हाड असतं. छातीत फासळ्या, मणके आणि उरोस्थी यांच्यामध्ये मोकळी जागा फारच थोडी उरते, हातांतही तीच गत. त्यामुळे संपूर्ण शरीराचा आकडा बऱ्यापैकी स्थिर येतो, पण ‘डाव्या हातात १२० ग्रॅम स्नायू वाढला’ अशा विधानाला आधार कच्चा असतो.

दुसरं गृहीतक पाण्याचं. चरबी वगळलेल्या वस्तुमानात साधारण ७३ टक्के पाणी असतं असं धरलेलं असतं आणि अहवालातल्या ‘लीन मास’मध्ये, म्हणजे चरबी आणि हाड वगळून उरलेल्या वस्तुमानात, स्नायूंबरोबर यकृत, आतडी, रक्त आणि हे सगळं पाणीही येतं. अर्धा लिटर पाणी पिऊन लगेच टेबलावर झोपलं, तर धडाचा लीन मास जवळपास अर्ध्या किलोने वाढलेला दिसतो. स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (कर्बोदकांच्या साठ्याबरोबर) सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलं जातं, म्हणून कर्बोदकं कमी करून वजन उतरवणाऱ्याचा ‘स्नायू’ पहिल्याच आठवड्यात घटलेला दिसतो. प्रत्यक्षात स्नायूंचे तंतू तेवढेच असतात. पायांवर सूज असलेल्या रुग्णाच्या बाबतीत उलटं होतं: आजार वाढतो आणि अहवालात लीन मासही वाढतो.

म्हणून स्कॅनची तयारी काटेकोर हवी. सकाळी उपाशीपोटी यावं, आधी लघवीला जाऊन यावं, त्या दिवशी व्यायाम केलेला नसावा, अंगावर धातू नसावा. बेरियम किंवा आयोडीनचं कॉन्ट्रास्ट औषध (प्रतिमेत अवयव उठून दिसावेत म्हणून दिलेलं) घेऊन झालेली तपासणी असेल, तर ते शरीराबाहेर जाईपर्यंत काही दिवस थांबावं. टेबलावर पाठीवर सरळ झोपायचं, हात मांड्यांपासून सुटे ठेवायचे, पावलं किंचित आत वळवून पट्ट्याने बांधायची. हात मांडीला टेकला, की हाताचा काही भाग पायाच्या खात्यात जमा होतो. स्कॅन झाल्यावर तंत्रज्ञ खांद्याच्या सांध्यातून आणि मांडीच्या हाडाच्या मानेतून विभाजक रेषा ओढतो. पुढच्या वेळी ती रेषा थोडी सरकली, तरी हात आणि धड यांचे आकडे बदलतात, एकूण बेरीज मात्र तशीच राहते. अंगाने रुंद माणूस टेबलाच्या स्कॅनपट्टीत मावत नाही तेव्हा एकाच बाजूचं स्कॅन करून दुसरी बाजू तशीच मानली जाते. अशा वेळी डावी-उजवी तुलना करण्यात अर्थ नाही.

किरणोत्साराची भीती इथे अनाठायी आहे. एका संपूर्ण डेक्सात काही मायक्रोसीव्हर्ट (मिलिसीव्हर्टचा हजारावा भाग) एवढीच मात्रा मिळते. निसर्गातून आपल्याला मिळणारी जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे दिवसाला ६ ते ७ मायक्रोसीव्हर्ट आहे. गरोदरपणात मात्र हे स्कॅन करत नाहीत.

आता बदल खरा की भासमान, हा मुख्य प्रश्न. त्यासाठी स्कॅन केंद्राने आपली पुनरावृत्ती-त्रुटी, म्हणजे तोच माणूस लगेच पुन्हा मोजला तर आकडा किती हलतो ते, काढून ठेवायला हवी: ३० जणांना प्रत्येकी दोनदा किंवा १५ जणांना तीनदा स्कॅन करायचं आणि दर वेळी माणसाला टेबलावरून उतरवून पुन्हा झोपवायचं. उतरवलं नाही, तर यंत्राचीच त्रुटी कळते, मांडणीची कळत नाही. मिळालेल्या त्रुटीला २.७७ ने गुणलं, की ९५ टक्के खात्रीने ‘खरा’ म्हणता येईल असा किमान बदल मिळतो. समजा, एका केंद्राची चरबीच्या वस्तुमानातली त्रुटी ०.४ किलो आहे. गुणाकार १.१ किलो येतो. मग २२.० किलोवरून २१.३ वर आलेल्या चरबीबद्दल आनंद किंवा निराशा, दोन्ही लवकरचं ठरेल. दर दोन-तीन आठवड्यांनी स्कॅन करून घेणाऱ्यांना बहुतेक वेळा हाच गोंधळ पाहायला मिळतो. तीन ते सहा महिन्यांचं अंतर मला शहाणपणाचं वाटतं.

सीटी आणि एमआरआयची बाब वेगळी. तिथे आरपार सावली नसते, आडवे छेद मिळतात. त्यामुळे त्वचेखालची चरबी आणि पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी प्रत्यक्ष वेगळी दिसते. डेक्साही पोटातल्या चरबीचा आकडा देतं, पण तो त्वचेखालच्या चरबीचा अंदाज बांधून वजाबाकीने काढलेला असतो. सीटीत एखादा पदार्थ एक्स-रे किती अडवतो याला पाण्यासाठी ० आणि हवेसाठी उणे १००० हाउन्सफील्ड युनिट असं माप असतं. उणे १९० ते उणे ३० म्हणजे चरबी, उणे २९ ते अधिक १५० म्हणजे स्नायू. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा एकच छेद घेतात, त्यातल्या स्नायूंचं क्षेत्रफळ मोजतात आणि उंचीच्या वर्गाने भागतात. फक्त एवढ्यासाठी सीटी कुणी करू नये. पोटाच्या पूर्ण सीटीत काही मिलिसीव्हर्ट मात्रा लागते, डेक्साच्या शेकडो पट. कर्करोगासारख्या कारणाने सीटी आधीच झालेलं असेल, तर त्यातून हे माप फुकटात मिळतं आणि ते फार उपयोगी पडतं. पण कॉन्ट्रास्ट दिलेल्या सीटीत स्नायूचे आकडे वर सरकतात, म्हणून कॉन्ट्रास्टसह आणि कॉन्ट्रास्टविना घेतलेले छेद एकत्र ताडून पाहू नयेत.

एमआरआयमध्ये पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन किंचित वेगळ्या वारंवारतेने कंप पावतो. १.५ टेस्ला चुंबकीय क्षेत्राच्या यंत्रात हा फरक सुमारे २२० हर्ट्झ असतो. दोन्ही संकेत कधी एकमेकांत मिळतात, कधी एकमेकांना खोडून काढतात. अशा दोन वेळांना प्रतिमा घेऊन पाणी आणि चरबी वेगळे करण्याची पद्धत डिक्सन यांनी १९८४ मध्ये मांडली. यकृतातली चरबी ५ टक्क्यांच्या वर गेली आहे का, हे सुई न टोचता सांगणारं याहून चांगलं साधन मला माहीत नाही. दोष असा, की चुंबकीय क्षेत्र असमान झालं की गणित उलटतं आणि चरबी पाणी म्हणून, पाणी चरबी म्हणून नोंदलं जातं. यंत्राच्या बोगद्याच्या कडेला टेकलेल्या हातांत हे जास्त घडतं. प्रतिमा डोळ्यांनी तपासल्याशिवाय आकडे स्वीकारू नयेत.

अल्ट्रासाउंडबद्दल एकच. यंत्र ध्वनीचा वेग १५४० मीटर प्रति सेकंद धरतं, चरबीत तो १४५० च्या आसपास असतो. त्यामुळे चरबीचा थर सुमारे ६ टक्के जाड दिसतो. शिवाय प्रोब दाबला की थर चपटा होतो, म्हणून जेलचा जाड थर ठेवून, त्वचेला न दाबता मोजावं लागतं.

या यंत्रांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवताना आणखी एक घोळ होतो. सीटी आणि एमआरआय चरबीच्या ऊतीचं आकारमान देतात. त्या ऊतीत पेशी, रक्तवाहिन्या आणि पाणीही असतं, शुद्ध चरबी साधारण ८० टक्के. एमआरआयने १० लिटर सांगितलं, तर ०.९२ या घनतेने ती ऊती ९.२ किलो भरते आणि त्यातली चरबी सुमारे ७.४ किलो. डेक्सा त्याच भागात ७.४ च्या जवळचा आकडा दाखवेल आणि दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबर असतील. तोच प्रकार दोन कंपन्यांच्या डेक्सांत, किंबहुना एकाच यंत्राच्या दोन सॉफ्टवेअर आवृत्त्यांतही होतो. म्हणून अहवाल घेताना त्यावर यंत्राचं मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि केंद्राची पुनरावृत्ती-त्रुटी लिहून मागावी. मधल्या काळात यंत्र बदललं असेल, तर जुन्या आणि नव्या यंत्रावर तीच माणसं स्कॅन करून दोन्हींची जुळणी केली आहे का, हेही विचारावं. ती केलेली नसेल, तर नव्या यंत्रावरचं पहिलं स्कॅन हीच नवी सुरुवात धरावी लागते.