आओ भाषा छापखान्यात गेली तेव्हा

बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा मोडीचे खिळे (छपाईची सुटी अक्षरं) तयार नसल्याने देवनागरीवर भागवावं लागलं. अडचण खिळ्यांची होती, लिपी मराठीकडे शतकानुशतकं होतीच. ईशान्य भारतातल्या नागा टेकड्यांत, जिथे आओ ही भाषा बोलतात, पेच याहूनही मुळातला होता. तिथे गाणी, वंशावळी, सीमांचे करार सगळं तोंडपाठ होतं. लिहिण्याची रीतच नव्हती.

एडवर्ड क्लार्क हे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी १८६९ मध्ये आसामात शिवसागरला आले ते मुळात छापखाना सांभाळायला. आओ नागांच्या डोंगरात त्यांच्याही आधी, १८७१ मध्ये, गोधुला हे असमिया प्रचारक चढले होते. (मिशनच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला फार ओळी येत नाहीत.) क्लार्क १८७६ मध्ये तिथे कायमचे राहायला गेले. हा मुलूख ब्रिटिशांनी १८८९ मध्ये ताब्यात घेतला, म्हणजे इथे मिशनरी सरकारच्या तेरा वर्षं पुढे होता.

गोधुला आणि क्लार्क पोचले त्या मोलुंग गावात चुंगली बोली बोलत. आओंची दुसरी मोठी बोली मोंगसेन. पुस्तकं चुंगलीत निघाली, शाळाही त्यातच चालल्या आणि तीच प्रमाण ठरली. ती अधिक शुद्ध किंवा सोपी होती म्हणून नव्हे, मिशनचा मुक्काम तिथे पडला म्हणून. इतर नागा भाषांपैकी अंगामीत कोहिमाची आणि तांगखुलमध्ये उखरूलची बोली पुढे आली, तीही मिशनच्या ठाण्यांमुळेच.

लिपी रोमन निवडली. आता त्या काळच्या छापखान्याच्या बाजूने पाहू. जुळारी खणांतून एकेक खिळा उचलून ओळ लावतो. खिळ्यांचा संच इंग्रजीच्या हिशेबाने ओतलेला असतो, कोणतं अक्षर किती लागेल ते इंग्रजीवरून ठरलेलं. दुसऱ्या भाषेचा मजकूर लावायला घेतला की एखादा खण लवकर रिकामा होतो आणि काही चिन्हं संचात नसतातच. चुंगलीतल्या एका स्वरासाठी दोन टिंबांचा ‘यू’ लागतो, आणि तो पानोपानी येतो. हा खिळा मुद्दाम मिळवावा लागतो. जुळाऱ्याला भाषा येत नसेल तर टिंबं गळतात, आणि मुद्रितं तपासणारा माणूस दूर डोंगरात असेल तर चूक तशीच छापली जाते.

खरं नुकसान मात्र सुराचं झालं. आओमध्ये उच्च, मध्यम आणि नीच असे तीन सूर आहेत. व्यंजनं-स्वर तेच ठेवून सूर बदलला तर अर्थ बदलू शकतो. प्रचलित लेखनात सूर दाखवतच नाहीत. आओ बोलणारा माणूस संदर्भावरून ओळखतो, त्यामुळे रोजच्या वाचनात फारसं अडत नाही. अडतं ते बाहेरून शिकणाऱ्याचं, सुट्ट्या शब्दांच्या यादीत, आणि आता मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या संगणकाचं. लिहिलेल्यात जे नाही ते यंत्राने आणायचं कुठून?

सरकारलाही ही पुस्तकं हवी होती. एडवर्ड यांच्या पत्नी मेरी क्लार्क यांचं आओ व्याकरण १८९३ मध्ये शिलाँगच्या सरकारी छापखान्यात छापलं गेलं, ताबा घेतल्यानंतर चारच वर्षांनी. नव्या जिल्ह्यात नेमणूक झालेल्या अधिकाऱ्याला त्याचा उपयोग उघड होता. एडवर्ड यांचा आओ शब्दकोश १९११ मध्ये कलकत्त्याला निघाला.

मोंगसेन बोलणारे आजही प्रार्थना आणि वाचन चुंगलीत करतात. त्यांच्या बोलीचं सविस्तर व्याकरण, सुरांच्या खुणांसह, भाषाशास्त्रज्ञ अलेक्झांडर कूप यांनी लिहिलं ते २००७ मध्ये.