भोकं असलेला आरसा

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावहून खोडदकडे वळलं की शेतांच्या वर प्रचंड डिश दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. जवळ जावं तर डिशमधून पलीकडचं आभाळ आरपार दिसतं! पत्रा नाहीच. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या स्टीलच्या तारेची जाळी, चौकोन एक ते दोन सेंटिमीटरचे.

मग त्यातून आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी गळून जात नाहीत? या सगळ्या डिश मिळून बनलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण टिपते त्या लहरी साधारण 21 सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत लांब. त्यांच्या लेखी ही जाळी म्हणजे सलग पत्राच. घरच्या मायक्रोवेव्हचं दार बघा. आतल्या 12 सेंटिमीटरच्या लहरी तिथल्या छिद्रांच्या पत्र्यावरून माघारी फिरतात. प्रकाशाच्या लहरी मात्र अतिसूक्ष्म, म्हणून आत फिरणारी वाटी आपल्याला दिसते. खोडदला या भोकांचा खरा फायदा वाऱ्याच्या बाबतीत. वारा निघून जातो, रेटा कमी बसतो, सांगाडा हलका आणि स्वस्त होतो. ताणलेल्या तारदोरांवर जाळी बसवण्याची ही युक्ती रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची. त्यांनीच उटीच्या रेडिओ दुर्बिणीसाठी 11 अंश उताराचा डोंगर निवडला होता. तिथला अक्षांशही तेवढाच, त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला. साधनं तुटपुंजी असताना असं डोकं चालवणाऱ्या माणसाबद्दल मला अपार आदर वाटतो.

पण लांब लहरींची एक अडचण असते: चित्र धूसर येतं. 21 सेंटिमीटरच्या लहरी बघताना 45 मीटरच्या एकट्या डिशची नजर आपल्या साध्या डोळ्यापेक्षाही अधू. आकाशात चंद्राच्या निम्म्या रुंदीपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके तिला वेगळे दिसतच नाहीत. म्हणून डिश 30 आहेत. 14 मधोमध दाटीने, उरलेल्या 16 इंग्रजी वायच्या तीन हातांवर, सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात. सगळ्यांचे संकेत ऑप्टिकल फायबरने एकत्र आणून जुळवले की तपशिलाच्या बाबतीत ती 25 किलोमीटरची एकच दुर्बीण होते.

2023मध्ये इथल्याच निरीक्षणांतून एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संकेत सापडल्याचं जाहीर झालं. निघाला तेव्हा 21 सेंटिमीटरचा होता. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम करून तो ठळक केला, आणि 880 कोटी वर्षांच्या प्रवासात विश्वच प्रसरण पावत राहिल्याने तो खोडदच्या जाळीवर पोचला तेव्हा 48 सेंटिमीटरचा झाला होता.